शेवाळावरचं जेवण

मोतीबाईच्या छातीत धुरानं घर केलं होतं. कर्जतच्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, नामाला, समोर बसवून सांगितलं, "चूल बंद म्हणजे बंद. नाहीतर हिचा जीव जाईल." सिलिंडरचं नाव काढलं की नामा भडकायचा. परसात गोबरगॅसचा खड्डा असताना विकतचा गॅस कशाला? गुरं विकली, शेण संपलं, तर मोतीबाईच तळ्यातलं शेवाळ ओढून पाट्यांनी आणायची, खड्ड्यात कालवायची. हा बाप्या काठावरून हुकूम सोडायचा.

शेवाळाचा गॅस मिणमिणता. मग शेतकीचे साहेब म्हणाले, राखेत खनिजं असतात, मूठभर घालत जा. घातली, आणि काय सांगू, शेगडीवर निळा जाळ फुलला! मोतीबाईनं न खोकता भाकऱ्या थापल्या. बिचारीला आनंदानं रडू आलं.

नामाच्या अंगात वारं शिरलं. कशेळ्याच्या बाजारात सांगत सुटला, भावकीला जेवायला बोलावून बसला. "शेवाळावर कोंबडी शिजवून दावतो!" आणि जेवणाच्या आदल्या दिवशी शेतात भाजलेल्या राबाची, म्हणजे पाल्या-फांद्यांची, राख घमेल्या-घमेल्यांनी आणून खड्ड्यात लोटली. राब जाड भाजला की भाताचं रोप तरारतं, हे त्यानं जन्मभर पाहिलेलं.

"अवो, सायबांनी मूठच सांगितली हाय," मोतीबाई म्हणाली.

"गप गं! राब मी भाजतो का तू?"

एवढ्या राखेनं खड्ड्याचं पोट बिघडलं, नवा गॅस धरेना. साठलेल्या गॅसवर सकाळी शेगडी कशीबशी पेटली, कोंबडी अर्धीकच्ची असताना विझली. ओटीवर माणसं येऊन बसलेली.

"चूल पेटव," नामा दबक्या आवाजात म्हणाला.

"डाक्टर काय बोलले इसरलात? मला नाय सोसायचं."

"एका दिसानं कोण मरत नाय. माझी अब्रू जाईल त्याचं काय?"

धूर दिसला तर लोक हसतील म्हणून त्या मेल्यानं स्वयंपाकघराची दोन्ही दारं ओढून घेतली. रस्सा आला, भात आला. माणसं बोटं चाटत म्हणाली, "शेवाळाच्या जेवणाला चव न्यारी हाय रं नामा!" आत ती खोकायला लागली की नामा मोठ्यानं बोलायचा.

थोड्या वेळानं खोकला थांबला. नामाला बरं वाटलं. भात संपला तेव्हा त्यानं हाक मारली, पुन्हा मारली. "बहिरी झालीस का गं?" चिडून तो आत शिरला आणि त्यानं दार मागे लावून घेतलं. मोतीबाई चुलीपुढे आडवी पडली होती, पदर तोंडात कोंबलेला. तिला ओलांडून नामानं आधी चुलीवर पाणी ओतलं. मग खाली वाकून तिला हलवलं. ती गेली होती.