एक गादी, दोन पाळ्या

"दाक्तर, तुमचा लोशन काय कामाचा न्हाय," खुर्चीत बसायच्या आधीच मालतीबाई म्हणाल्या. मागे रामाशीष कोपर खाजवत उभा.

मी धामणकर नाक्यावर स्किनचा दवाखाना चालवते. मालतीबाईंची नारपोलीत चाळ आहे आणि तिथल्या एका खोलीत लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, कामगार राहतात. रामाशीष त्यांच्यातलाच. त्याला खरूज झाली होती. माझं लोशन लावलं की बरा व्हायचा आणि महिन्याभरात पुन्हा हजर. आता खोलीतल्यांनी ठरवलं होतं, ही पीडा यानेच आणली, याला बाहेर काढा. मुन्ना नावाचा गडी सगळ्यात पुढे. ओळखीशिवाय दुसरी खोली कोण देणार? बिचारा रडकुंडीला आला होता.

खरजेचे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, कातडीत बिळं करून राहतात. परमेथ्रिन लोशन मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी आंघोळ. आठवड्याने पुन्हा तसंच. आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं, खाज असो वा नसो. हे मी त्याला बजावलं होतं.

"सबने लगाया था ना?"

"लगाया, मॅडम. जैसे जैसे ड्युटी से छूटे, वैसे वैसे."

घोडं इथे पेंड खात होतं. खोलीत गाद्या कमी, माणसं दुप्पट. दिवसपाळीवाला उठला की त्याच गादीवर रातपाळीवाला आडवा. माणसांच्या पाळ्या बदलत होत्या, किडे मात्र गादी धरून बसले होते.

लूमला सुट्टी कधी, असं मी विचारलं.

"शुक्रवारी," मालतीबाई म्हणाल्या. "तवा सगली घरानच असतान. मी बघते त्यांच्याकडं."

त्यांनी खरंच बघितलं. शुक्रवारी चादरी-कपडे उकळत्या पाण्यातून काढून गाद्यांसकट उन्हात टाकायला लावले. संध्याकाळी दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या आणि लोशन लावल्याशिवाय कुणाला जेवू दिलं नाही. आता आपल्या पाठीला आपला हात पोचत नाही. जोड्या लागल्या, तेव्हा मुन्नाच्या वाट्याला रामाशीष आला. ज्याला बाहेर काढायचं, त्याच्याचकडून पाठ चोळून घ्यायची वेळ आली. मुन्ना अंग चोरून उभा राहिला. पुढच्या शुक्रवारी मात्र स्वतःच पाठ करून बसला म्हणे.

मेलेल्या किड्यांची खाज दोन-तीन आठवडे राहते, हे आधीच सांगून ठेवलं होतं. नंतर तीही गेली. रामाशीष खोलीतच आहे, मला फार बरं वाटलं.

तेव्हापासून लूमवाल्यांच्या चिठ्ठीवर मी औषधाखाली वारही लिहिते.