हिल्मा कांगासचा संशय

हिल्मा कांगासचा कुणावर पटकन विश्वास बसत नसे. दुकानातून आणलेली अंडी ती घरी येऊन पुन्हा मोजायची, आणि पोस्टमननं पाकीट हातात दिलं की आधी त्याची चिकटवलेली बाजू बघायची. शाळेच्या स्वयंपाकघरात तेवीस वर्षं काढलेल्या बाईला हे जमतंच, असं गावात म्हणत.

नवरा आर्वो तांब्याच्या खाणीत होता. खाण बंद पडल्यावर त्यानं तळघरात गॅसच्या पिस्तुलांच्या दुरुस्तीचं काम काढलं. बोटाएवढी लोखंडी कुपी, तिच्यात दाबून भरलेला गॅस. कुपी पिस्तुलाच्या मुठीत बसवायची, स्क्रू पिळायचा की तिचं तोंड फुटतं, आणि चाप ओढला की त्या जोरावर छर्रा सुटतो. रानात एकमेकांवर रंगाच्या गोळ्या मारत फिरणाऱ्या तरुणांच्या पिस्तुलांतही तीच कुपी. आर्वो गेल्यावर हिल्मानं त्याचे खण उघडले, रबराच्या कड्या ओळखायला शिकली, आणि वर्षभरात गावातलं प्रत्येक पिस्तूल तिच्या हाताखालून जाऊ लागलं.

हिवाळ्यात दर रविवारी दुपारी शेतकरी सभेच्या हॉलमध्ये नेमबाजीचे सामने होत. गुण मांडायला अर्थातच हिल्मा. एका वर्षी बेकरीवाल्यानं निशाणाच्या कागदाला आधीच भोकं पाडून आणली होती, ती तिनं नुसत्या बोटानं चाचपून पकडली. तेव्हापासून तिचा संशय म्हणजे निम्मा पुरावा, असा लोकांचा समज झाला होता.

त्या जानेवारीत रेमंड डुशेन नावाचा माणूस आला. मोठ्या पुलापलीकडचा, म्हणजे दक्षिणेकडचा; तिकडच्यांना गावात 'पुलाखालचे' म्हणत आणि परकेच मानत. उंच, अबोल, साठीचा. पहिल्याच रविवारी पहिला आला. दुसऱ्याही रविवारी.

हॉलमधली शेगडी म्हातारी, दुपार कलेपर्यंत भिंतीसुद्धा तापत नसत. थंडीत कुपीचा जोर उतरतो. दुसऱ्या फेरीपासून सगळ्यांचे छर्रे खाली पडू लागत, डुशेनचे मात्र मधोमध. आणि फेऱ्यांमधल्या सुट्टीत, सगळे कॉफी आणि वेलदोड्याच्या पावाभोवती जमलेले असताना, हा आपलं पिस्तूल घेऊन बाहेर आपल्या गाडीकडे जाई.

हिल्मानं सामन्याआधी त्याचं पिस्तूल खोलून पाहिलं. कड्या ठीक, नळी ठीक. कुठं नख लावायला जागा नव्हती. तेच तिला जास्त खटकलं.

"गाडीत दुसरं असणार," ती वेनो लाहतीला म्हणाली. वेनो आर्वोचा खाणीतला जुना जोडीदार, जिभेला हाड नसलेला. "दाखवायचं एक, मारायचं दुसरं."

"तू पाहिलंस?"

"पाहायला कशाला हवं? कॉफी सोडून पंधरा मिनिटं बर्फात कोण जाऊन बसतं?"

"पुलाखालचे लोक," वेनो म्हणाला, आणि बुधवारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. दुकानदारीण डुशेनला सामान देताना वर बघेना. हॉलमध्ये त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. त्यानं कुणाला काही विचारलं नाही, आणि हिल्माला वाटलं, विचारत नाही म्हणजे पाणी मुरतंय.

चौथ्या रविवारी सुट्टी झाली तशी ती कोट चढवून त्याच्या मागोमाग बाहेर पडली. गाडीचं इंजिन चालू होतं, काचांवर आतून वाफ. तिनं खिडकीला कपाळ टेकून वाफेतल्या एका फटीतून आत पाहिलं.

आत एक बाई बसली होती, मानेपर्यंत घोंगडी, चेहऱ्याची उजवी बाजू ओघळलेली. डुशेन तिला चमच्यानं सूप भरवत होता. घोंगडीच्या वर तिचे दोन्ही हात, आणि हातांत पिस्तूल. तेच. मुठीवरचा ओरखडा हिल्मानं अंधारातही ओळखला असता.

डुशेननं काच खाली केली. "काही हवंय, कांगासबाई?"

"पिस्तूल बघायचंय."

"जोझेट, दे जरा." बाई सोडेना. त्यानं तिची बोटं एकेक करून उकलली. "छर्रे काढलेत. अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टर म्हणाले, उजव्या हाताला काहीतरी धरायला द्या. चमचा फेकते, चेंडू फेकते. हे नाही फेकत. पूर्वी तीच नेम धरायची, मी नुसता कागद लावायचो."

हिल्मानं पिस्तूल हातात घेतलं. ते उबदार होतं. "यानं कुपी गरम राहते," ती म्हणाली.

"राहते. मला माहीत आहे. खोटं कशाला बोलू? नियमात बसत नसेल तर सांगा."

नियमात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. हिल्माला वाटलं होतं, एकतर हा चोर निघेल, नाहीतर आपण खोट्या पडू. दोन्ही अर्धवटच झालं.

"यांना आत का आणत नाही? शेगडीपाशी?"

"लोक बघतात, ते तिला सोसत नाही." डुशेन चमचा पुसत म्हणाला, "आणि आत आमच्याशी बोलतंय कोण?"

हिल्मा आत आली, कोट न काढता टेबलाशी उभी राहिली. "डुशेनचं पिस्तूल एकच आहे," ती म्हणाली. "दुसरं आहे असं मी म्हटलं होतं. ते मी न बघता बोलले."

मग वेनो म्हणाला, "मग सारखा बाहेर काय करतो?"

"बायकोला जेवू घालतो. तू कधी घातलंस?" तिनं पेन्सिल उचलली. "आणि तुम्हीसुद्धा पिस्तूल कोटात अंगाशी धरा. थंडीत कुपी मरते, हे आर्वो सांगून सांगून थकला. शेगडीवर मात्र कुणी ठेवू नका, फुटेल."

पुढच्या रविवारी सातजणांचे कोट पोटाशी फुगलेले होते. डुशेन तरीही पहिला आला, पण तीनच गुणांनी. मार्चमध्ये त्यानं जोझेटला आत आणलं. हिल्मानं तिची खुर्ची आपल्या टेबलाजवळ, लोकांकडे पाठ करून ठेवली, आणि कुपी नसलेलं एक जुनं पिस्तूल तिच्या मांडीवर दिलं. दोघी फारसं काही बोलत नसत. जोझेटला बोलता येत नव्हतं, हिल्माला सुचत नव्हतं. दुकानदारीण एकदा येऊन तिची घोंगडी नीट करून गेली.

डुशेनच्या कागदावरची भोकं मात्र हिल्मा दोनदा मोजायची. त्याची त्याला हरकत नव्हती.

जूनमधल्या एकुलत्या उन्हाळी सामन्यात खिडक्या उघड्या होत्या, सगळ्यांच्याच कुप्या सारख्या गरम. डुशेन चौथा आला, म्हणजे थोडा हात उबेचाही होता. हिल्माला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची जराशी लाजही वाटली.