ती पोरगी धुकं होऊ नये म्हणून

परवा नातीच्या फ्रॉकवर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली आणि त्या ओल्या वाफेच्या वासानं मी थेट वाडीतल्या माझ्या जुन्या टपरीत पोचलो. तिथे मी लोकांचे कपडे इस्त्री करायचो. तेव्हा माझ्या लग्नाला महिनाच झाला होता.

रद्दीतली एक कादंबरी हाती लागली. त्यातली पोरगी कुणी तिची आठवण काढेल तेवढाच वेळ जगायची, नाहीतर धुकं व्हायची. आम्ही शाळेबाहेरचे विद्वान, एकेक अक्षर जोडत वाचणार! वाटलं, पुस्तक मिटलं की गेली बिचारी. इकडे इस्त्रीतले कोळसे विझले.

"अरे भाई, मारां कपडां?" गुजराती गिऱ्हाईक आपल्या कपड्यांसाठी ओरडलं.

"थांबा हो, इथे पोरगी चाललीय!"

शेवटी माझ्या बायकोनं, लतानं, पुस्तक काढून घेतलं. हळूच म्हणाली, "तुम्ही इस्त्री करा. मी वाचते."

ती कुजबुजतच मला वाचून दाखवू लागली. पोरगी विरत चालली. तिचा मित्र तिचं नावच विसरला. आणि एकदम लता किंचाळली, "आठवलं हो त्याला! जगली!"

मी गिऱ्हाइकाला मिठी मारून भर गल्लीत नाचलो.

तेव्हा वाटलं, पोरगी जगली म्हणून नाचतोय. आता कळतं, महिनाभर माझ्याशी कुजबुजणारी लता त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं बोलली होती.