गाडीत जागा नव्हती

शांताआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीला शाळेत शिकवत होते. जवळा बाजारला पोचेपर्यंत बाबांनी आपल्या बहिणीचं मयत जीपमध्ये घालून आमच्या गावी, कुरुंद्याला नेलंही होतं. आत्याच्या खोलीत गयामावशी एकटी बसलेली. "तुजे बाबा म्हनले, गाडीत जागा न्हाई..." एवढंच ती बोलली. महिना होत आला, पण माझा संताप उतरत नाही. त्याच जीपमध्ये गावचे चार रिकामटेकडे मावले होते!

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आत्या नांदणं सोडून आली आणि जवळा बाजारला शिलाई मशीन टाकून बसली. गया बाजारात शेळ्या विकायला यायची, ती पुढं तिथंच राहिली. तेव्हापासून दोघींचा एकच संसार. कोणी विचारलं की गया घाईनं सांगायची, "मैत्रीन हाय मी." आत्याला ते खुपायचं. मी कॉलेजात असताना तिनं मला समोर बसवलं. "गयावर माजा जीव हाय. तुज्या आईचा तुज्या बापावर आसल तसा. समजलं?" गयानं हातातली परात खाली ठेवली. "काहून सांगून राहिलीस लेकराला? गाव जगू देईल का आपल्याला?" आत्या हसली. "जगूनच तर राहिलो की!"

चीड येते ती याची, की आमच्या घरात सगळ्यांना कळलेलं होतं. गया नुसती मैत्रीण वाटली असती, तर बाबांनी तिला हाताला धरून गाडीत बसवलं असतं. जागा नाकारली ती बायको समजूनच... आणि तोंडानं मात्र शेवटपर्यंत "ती मैत्रीण". कसला हा साळसूदपणा!

मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून भावकी कडू घास आणते. कुरुंद्यात आमच्याकडे पिठलं-भाकरीचा ढीग लागला. जिचं घर उजाड झालं, तिच्या दारी कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या देखत डबा भरला. "कोनाला?" त्यांनी विचारलं. "जिच्या घरचं मयत आहे तिला," म्हटलं आणि निघाले.

डबा पाहून गया म्हणाली, "हे काय?"

"कडू घास. तुझा."

तिनं डबा दोन्ही हातांनी घेतला. मग तिनं असा हंबरडा फोडला की गल्ली गोळा झाली. शेजारीण समजूत घालायला लागली, "मैत्रिणीपायी इतकं रडतेत का, बाई?"

गयानं पदरानं तोंड पुसलं. "मैत्रीन न्हाई. माजं मानूस गेलं."

शेजारीण उंबऱ्यात जराशी घुटमळली... मग आत येऊन तिला टेकून बसली आणि डब्यातली भाकरी मोडून तिच्या हातात दिली.