दुसरी चूल

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच सुमारास आमच्या औशाकडच्या गावातल्या विहिरींचे तळ दिसू लागले. टँकरचं पाणी रेशनकार्डावर मिळायचं आणि कार्डं नव्यानं व्हायची होती. त्यावर नावं फक्त नात्यातल्यांची. झाली का पंचाईत! आमच्या घरात अक्का होती. माझ्या जन्माच्या वेळी आईच्या मदतीला देगलूरकडून आलेली ही एकटी बाई नऊ वर्षं झाली तरी परत गेली नव्हती. नातं काहीच नाही. मी झोपायची मात्र तिच्याच कुशीत.

वडिलांनी तोड काढली. चूल वेगळी दाखवली की कुटुंब वेगळं, कार्डही वेगळं. परसातल्या छपराखाली तीन दगड मांडून ते अक्काला एवढंच म्हणाले, "आजपासून तुझी चूल वेगळी." हे फक्त कार्डापुरतं आहे, हे तिला आपोआप कळेल, असं आम्ही सगळे धरून चाललो.

मला मुख्य भूमिका मिळाली. कार्डांच्या तपासणीला येणाऱ्या साहेबांनी विचारलं की सांगायचं, "ती आमची कोणी न्हाई." मी आरशापुढं तालीम केली. खोटं पकडलं तर अक्काला देगलूरला धाडतील, या धास्तीनं दोन दिवस मला भाकर गिळवेना.

साहेब आले. "पोरी, ही बाई तुमची कोण?"

आवाज मी खणखणीत लावला. "कोणी न्हाई!"

चुलीपाशी बसलेल्या अक्कानं वर पाहिलं नाही.

"पातेल्यात काय आहे?"

आमच्या नाटकात पातेलं रिकामं होतं! अक्कानं झाकण उचललं. आत एका माणसापुरता भात रटरटत होता.

साहेबांनी मान डोलावली, कागदावर सही केली आणि गेले.

आईला हसू आवरेना. "अक्का, लई भारी केलंस! चल, जेवायला."

"माझं इथं शिजलंय, बाई."

तिची वाकळ आणि गाठोडं छपराखाली आलेलं मला तेव्हा दिसलं. त्यापुढं साहेबांची भीती काहीच नव्हती. मी घरात धावले, टँकरचं लोटाभर पाणी आणलं आणि दुसऱ्या चुलीवर ओतलं. राख उडून भातात पडली.

"पाणी! अगं कार्टे, पाणी!" आई किंचाळली.

पण त्याआधीच पाठीत अक्काचा धपाटा बसला होता. "सटवे, प्यायचं पाणी हाय ते!"

परक्याच्या पोरीला कुणी इतका जोरात मारत नाही. मी रडत होते आणि खूश होते.

तो राखेचा भात तिनं आईच्या चुलीपाशी आणून सगळ्यांना वाढला. मला सगळ्यांत जास्त.