ठेवणीतला फोटो

निर्मळ गावाच्या आसपासचे बरेचसे दिवंगत पुरुष एकाच कोटात स्वर्गाला गेले आहेत, आणि तो कोट त्यांना मी घातला आहे.

जरा नीट सांगते. माझ्या सासऱ्यांचा निर्मळच्या रस्त्यावर फोटो स्टुडिओ आहे. एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमधून लग्न होऊन मी या केळीच्या वाडीतल्या घरात आले, तेव्हा स्टुडिओत रोल होते, मागे अंधारी खोली होती आणि भिंतीवर फिल्म कंपनीचं कॅलेंडर होतं. कंपनीचा माणूस ते दर वर्षी घेऊन यायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, "काका, डिजिटल म्हणजे चार दिवसांची हौस. हातात घेता येत नाही तो फोटो कसला?" सासऱ्यांना हे इतकं पटायचं की ते त्याला वाडीतली केळी बांधून द्यायचे.

मग एका वर्षी कॅलेंडर आलं नाही. कंपनीचं काही खरं नाही, हे आम्हाला त्या मोकळ्या खिळ्यावरून कळलं. पुढे तोच माणूस परत आला, मेमरी कार्डं विकायला. त्यानंतर कपांवर फोटो छापायचं मशीन घेऊन आला. शेवटचा आला तो पाणी शुद्ध करायच्या यंत्राचं पत्रक घेऊन. त्या दिवशी सासऱ्यांनी चहा दिला, केळी दिली नाहीत. जाता जाता त्याने सांगितलं की दुसऱ्या एका फिल्म कंपनीने शहाणपणा केला, फिल्मच्या रसायनांतलं ज्ञान वापरून चेहऱ्याला लावायची क्रीम काढली, आणि ती मजेत आहे.

"बरोबर आहे," सासरे म्हणाले. "फोटो खपत नसेल तर माणसाने चेहरा धरावा."

आम्हाला काही क्रीम काढता आली नाही. आम्ही कॉम्प्युटर घेतला आणि तो माझ्या गळ्यात पडला. लग्नाची कामं ड्रोनवाल्यांनी नेली, बारशी मोबाइलने नेली. उरले ओळखपत्रांचे फोटो आणि गेलेल्या माणसांच्या तसबिरी. तेवढ्यावर दुकानाची धुगधुगी चालू होती.

तसबिरीचं काम मोठं विचित्र. घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हजार फोटो, पण भिंतीवर लावण्याजोगा एक नाही. म्हातारा गेला की मुलगा फोन पुढे करायचा. त्यात म्हातारा कुणाच्या तरी हळदीत मागच्या रांगेत, अर्धा कान दिसतोय, तोंडात लाडू. मी ते तोंड कापून मोठं करायचे आणि गळ्याखाली कोट चिकटवायचे. कोट दुकानातलाच. तो खुंटीवर असायचा आणि पूर्वी गिऱ्हाइकं फोटोपुरता चढवायची. मी एकदा त्याचाच फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये ठेवून दिला होता. मापाची कटकट नाही, इस्त्रीची नाही.

एकदा भातशेती करणाऱ्या एका आजोबांना मी असाच कोट घातला. दुसऱ्या दिवशी मुलगा फ्रेम परत घेऊन आला आणि शांतपणे म्हणाला, "ताय, ह्यो आमचा बापूस नाय. आय इचारते, भिंतीवर ह्यो सायेब कोन?"

मला हसू फुटलं. ते फुटायला नको होतं, हे त्याच्या तोंडाकडे बघितल्यावर कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासऱ्यांनी ती फ्रेम मांडीवर घेऊन निरखून बघितली. संध्याकाळी त्यांनी खुंटीवरचा कोट घरी नेला आणि मला कोटबंदी झाली.

त्यानंतर सासऱ्यांना दोन नवीन खोडी लागल्या. एक म्हणजे ओळखपत्राचा फोटो काढताना ते बटण दोनदा दाबायला लागले. माणूस श्वास रोखून, मान ताठ करून बसायचा, हे फोटो काढायचे आणि म्हणायचे, "झालं." तो हुश्श करून सैल व्हायचा, की हे पुन्हा दाबायचे. मला वाटलं, वय झालं, बोटं ऐकत नाहीत. दुसरी खोड म्हणजे कुणी तसबिरीसाठी मोबाइल पुढे केला की ते तो बघायचेही नाहीत. "संध्याकाळी या," म्हणायचे, आणि संध्याकाळी कुठूनसा गेलेल्या माणसाचा सुरेख फोटो काढून द्यायचे. विचारलं तर उत्तर एकच, "मिळाला एकीकडे." मी समजले, नातेवाइकांकडे जाऊन मागून आणत असतील.

पण अशा कामावर दुकान किती दिवस चालणार? माणसं काही आमच्या सोयीने मरत नाहीत. माझा नवरा कामणला गोदामात नोकरी करतो, त्याने एक दिवस विषय काढला. गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्याने द्यायचा. "ज्या मोबाइलने आपल्याला खाल्लं, त्याची कव्हरं तरी आपल्या गाळ्यात विकू देत," तो म्हणाला. मी त्याच्याच बाजूची होते. सासऱ्यांनी वाद घातला नाही. आठ दिवस ते ताटावरून लवकर उठत राहिले, एवढंच. चाळीस वर्षं ज्या शटरला रोज हात लावला ते दुसऱ्याच्या हाती जाणार होतं, आणि मला ते दिसत होतं, पण मी वरणभात वाढत राहिले.

कव्हरवाला टेप घेऊन मापं घ्यायला आला त्या सकाळी सासरे मुद्दाम दाढीला गेले. मी अंधाऱ्या खोलीतलं कपाट रिकामं करायला घेतलं. आत फिल्मचे जुने खोके, आणि खोक्यांत पाकिटं, आळीवार लावलेली. प्रत्येकावर सासऱ्यांच्या अक्षरात नाव, कुणाचे कोण आणि घराची खूण. एक उघडलं. शेजारच्या आळीतले काका, हुश्श करून हसणारे. दुसरं उघडलं, फुलवाल्या मावशी. ही सगळी माणसं जिवंत होती. "झालं" म्हटल्यानंतरचा दुसरा फोटो काय होता, ते मला तेव्हा कळलं. रोल असता तर ही चैन परवडली नसती. ज्या डिजिटलला ते इतकी वर्षं शिव्या देत आले, त्याचं एवढं एकच सुख त्यांनी गुपचूप घेतलं होतं.

तेवढ्यात मावशीच दुकानात शिरल्या, झेरॉक्ससाठी. माझ्या हातातला स्वतःचा फोटो त्यांनी पाहिला. मी काहीतरी थाप मारणार होते, पण मावशी कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हेत. दोन प्रश्नांत त्यांनी सगळं काढून घेतलं. आता या अभद्र म्हणून तमाशा करणार, अशा तयारीने मी उभी राहिले.

मावशींनी फोटो लांब धरून बघितला. "नथ नाय यात," त्या म्हणाल्या. "आणि हे लुगडं रोजचं. हा लावाल भिंतीवर? उद्या येते, पुन्हा काढा. ठेवणीतला काढा."

दुसऱ्या दिवशी मावशी नथ घालून आल्या, सोबत दोन जावा आणि एक विहीण घेऊन. आठवड्याभरात काका मंडळीही येऊ लागली. प्रत्येकाला आपलं पाकीट बघायचं होतं, आणि प्रत्येकाला त्यात काहीतरी खोट सापडत होती. कव्हरवाला पुन्हा आला तेव्हा बाकावर बसायला जागा नव्हती. मी नवऱ्याच्या वतीने त्याला नाही म्हणून सांगितलं आणि नवऱ्याला मग कळवलं. सासरे कॅमेऱ्यामागून म्हणाले, "झालं," आणि पुन्हा बटण दाबलं.

एक गोष्ट मी अजून त्यांना बोललेले नाही. त्या सकाळी शेवटच्या खोक्यात माझ्याही नावाचं पाकीट होतं. पासपोर्टच्या फोटोच्या दिवशीचा दुसरा फोटो, केस सुटलेले, तोंडभर हसतेय. आधी संताप आला. सासऱ्याने सुनेची तसबीर तयार ठेवावी? मग पाकीट उलटं केलं. बाकी सगळ्यांवर जिथे घराची खूण लिहिली होती, तिथे माझ्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, "घाई नाही."

गावातल्या सगळ्यांनी आपले फोटो बदलून घेतले. मी माझा तसाच परत ठेवला.