औथेंटिकुस, औथेंटिका, औथेंटिकुम

व्याकरणापायी माणसं तोडण्यात माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा अख्ख्या चेन्नईत सापडणार नाही. तंजावरी मराठी घरातले मामा वर्षानुवर्षं एका कॉलेजात लॅटिन शिकवत होते आणि तिरुवल्लिकेणीच्या बोळातल्या एका खोलीत एकटेच राहिले. लग्नानंतर मी पुण्याहून इथे आलो. पहिल्याच भेटीत "माझा ईमेल मिळाला का?" असं विचारलं, तर म्हणाले, "तो ईमेल, ती ईमेल की ते ईमेल? आधी ठरवा, मग पाठवा!" टी. नगरात साडी घ्यायला गेलो, तिथे विक्रेता 'ऑथेंटिक कांजीवरम' म्हणाला आणि मामा सुरू झाले. हा शब्द लॅटिननं ग्रीककडून घेतला. आपल्या चांगला-चांगली-चांगलंसारखा तोही नामाचं लिंग पाहून बदलतो. औथेंटिकुस, औथेंटिका, औथेंटिकुम! आणि वस्त्र, म्हणजे 'वेस्तिस', तिकडे स्त्रीलिंगी, म्हणून 'वेस्तिस औथेंटिका'! विक्रेत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "मॅडम, बिल करू?"

पुढे विद्यार्थी मिळेनात म्हणून कॉलेजनं लॅटिनच बंद केलं. निवृत्त होईपर्यंत मामा परीक्षेच्या हॉलमध्ये पहारा देत होते. नंतर त्यांना कुणी बोलावलंही नाही.

यंदा कॉलेजची नवी इमारत झाली. दारावरच्या शिळेत ब्रीद कोरलं होतं: 'वोक्स औथेंटिकुस', म्हणजे अस्सल आवाज. मामा मला घेऊन थेट प्राचार्यांकडे गेले. "अय्यो, वोक्स स्त्रीलिंगी आहे हो! औथेंटिका पाहिजे."

प्राचार्यांनी कॉफी मागवली. हसून म्हणाले, "सर, दगड कोरून झालाय. आणि वाचणार कोण?"

त्या दिवशी मामा जेवले नाहीत. मग उद्घाटनाचं निमंत्रण आलं. "सगळ्यांसमोर उठून सांगतो," मामा म्हणाले. मी मुद्दाम रजा काढली. एवढ्या वर्षांच्या अपमानाचा वचपा ते एकदाचा काढणार, हे मला बघायचं होतं.

पडदा सरकला. चूक सोनेरी अक्षरांत झळकली. मामांना मंचावर बोलावून शाल पांघरली, हातात माईक दिला. मामांनी शिळेकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "फार सुंदर झालंय." टाळ्या पडल्या.

परतीच्या बसमध्ये मला त्यांचा रागच आला होता. मी खिडकीबाहेर बघत होतो. तेच हळूच म्हणाले, "पहिल्या रांगेत बसवलं हो मला, जावईबापू. खुर्चीवर माझं नाव लावलं होतं."

मग मांडीवरची शाल उलगडून ते पुन्हा पुन्हा घडी घालत राहिले, तिरुवल्लिकेणी येईपर्यंत.